बांधकाम संपल्यावर गावात काय उरते?

सेवाग्राम आश्रमात आलेला माणूस बापू कुटीसमोर चपला काढतो, वाकून आत जातो आणि बाहेर आल्यावर बहुतेक वेळा एवढेच म्हणतो, ‘किती साधे आहे!’ ही दाद खरी असली तरी तिथे थांबून चालत नाही. ते साधेपण बांधकामाच्या एका चोख हिशेबातून आले आहे. माल कुठून आणायचा, मजुरी कुणाच्या हातात पडायची, कसब कुणाकडे राहायचे, आत राहणाऱ्याला धोका किती आणि दहा वर्षांनी डागडुजी कोण करणार, हे सगळे तिथे आधी ठरले आणि मग भिंत उठली.

आज वर्धा जिल्ह्यात बांधकामाला तोटा नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून सुमारे ५८ किलोमीटर जातो. बुटीबोरी-वर्धा-यवतमाळ राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आहे. गावोगाव घरकुले उभी राहत आहेत, सेवाग्राम-पवनारच्या विकास आराखड्यावर कोट्यवधी खर्च झाले आहेत. या कामांवर पोट असणाऱ्या कंपन्या, ठेकेदार, यंत्रमालक, सुरक्षा साधने विकणारे आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे देणारे यांची आता मोठी फळीच तयार झाली आहे. आपल्या व्यवसायातून समाजाला काय मिळते, हा प्रश्न त्यांनाही विचारला जातो. उत्तर म्हणून बहुधा एखादा फोटो पुढे येतो. त्यात शाळेला दिलेले बाक असतात, वृक्षारोपण असते, रक्तदान शिबिर असते. देणगी वाईट नसते. पण सामाजिक मूल्याचा खरा प्रश्न कामाच्या आतच सुटतो किंवा फसतो. तो कुठे सुटला आणि कुठे फसला, हे सेवाग्रामच्या परिसरातल्या आणि महाराष्ट्रातल्या उदाहरणांवरून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

शेगावातले पहिले घर

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला आले. गावाची मालगुजारी गांधीजींचे अनुयायी आणि वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्याकडे होती. जागाही त्यांचीच. टपाल बुलढाण्यातल्या शेगावला जाऊ लागले म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आदि निवास हे आश्रमातले पहिले घर. ते उभे करण्याच्या कामावर गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची देखरेख होती. अट होती ती खर्च आवरता ठेवण्याची, माल परिसरातला आणि हात गावातले वापरण्याची. जाड मातीच्या भिंती, लाकूड-बांबूचा सांगाडा, वर कवेलू, भोवती ओसरी, आत शेणामातीने सारवलेली जमीन. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात मीराबेनसाठी बांधलेली होती. तिच्या भिंतींवर ताडाची झाडे, मोर आणि ॐ मातीतच उठवले आहेत. सजावटीसाठी वेगळा माल आणला नाही, भिंतीची माती तीच सजावट झाली.

खर्च कुठे गेला, हे पाहण्यासारखे आहे. कवेलू कुंभाराकडून येतात, बांबूचे काम बुरडाच्या हातचे, दारे-खांब सुताराचे, भिंत गावच्या मजुरांची. बांधकामाचा पैसा पंचक्रोशीबाहेर फारसा पडत नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कवेलू फेरायचे म्हटले की तीच माणसे पुन्हा लागतात, म्हणजे रोजगारही एका हंगामात संपत नाही. वर्ध्यातल्या मगनवाडीत १९३४ पासून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले होते. तिथे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा गावच्या अर्थव्यवहाराची जी मांडणी करत होते, तिचे भिंत-छपराच्या रूपातले प्रात्यक्षिक शेगावात उभे राहिले.

सुरक्षिततेचाही विचार तिथे आहे. बापू कुटीत आजही साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला दिसतो. शेताला लागून मातीचे घर म्हणजे विंचू-साप येणारच. साप मारायचा नाही आणि माणसालाही दंश होऊ द्यायचा नाही, तर साधन हवे. ते साधन कोपऱ्यात तयार होते. साप धरायचा आणि दूर नेऊन सोडायचा. धोका आधी ओळखायचा, त्याच्यासाठी साधन करायचे आणि ते हाताशी ठेवायचे, ही सुरक्षेची सगळी विद्या त्या पिंजऱ्यात आहे. आजच्या अनेक बांधकामांवर शिरस्त्राणे साहेबांच्या भेटीपुरती कपाटातून निघतात. तिथे नेमकी हीच विद्या हरवलेली असते.

आणखी एक कुटी आहे, परचुरे शास्त्रींची. कुष्ठरोग झालेल्या या संस्कृत पंडिताला त्या काळी कुणी जवळ उभे केले नसते. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले, त्यांच्यासाठी कुटी बांधली आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. घर कुणासाठी बांधले जाते, हाही सामाजिक मूल्याचाच भाग असतो. १९३६ मध्येच मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. गावाने ज्यांना बाहेर काढले त्यांच्यासाठी या परिसरात आधी छप्पर उभे राहिले, हे विसरता येत नाही.

गांधीजींचा हा विचार पुढे दूरवर गेला. चीनमधून परतताना मुंबईत बोटीसाठी अडकलेल्या लॉरी बेकर या इंग्रज वास्तुतज्ज्ञाची त्यांच्याशी भेट झाली. घर बांधायला पाच मैलांच्या परिसरातला माल पुरेसा असावा, हे गांधीजींचे म्हणणे बेकर यांनी आयुष्यभर प्रमाण मानले आणि केरळात कमी खर्चाच्या शेकडो इमारती उभ्या केल्या.

कुंभाराच्या चाकावरचे छप्पर

सेवाग्रामच्या कुटींना एक मर्यादा होती. त्यांना लाकूड लागे. जंगल विरळ होत गेले, सागवानाचे भाव चढले, तेव्हा गरिबाच्या घरावर काय घालायचे हा पेच पडला. गांधीवादी कार्यकर्ते देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले आणि त्या केंद्राने या पेचाला हात घातला. कुंभाराच्या चाकावर शंकूच्या आकाराच्या पोकळ नळ्या करायच्या, भट्टीत भाजायच्या आणि एकीचे निमुळते तोंड दुसरीत घालत कमान रचायची. अशा कमानी शेजारी शेजारी मांडल्या आणि वर गिलावा केला की छप्पर तयार होते. वासे लागत नाहीत, सळई लागत नाही. नळीतली पोकळी ऊन अडवते. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या वर्ध्यात ही चैन नसून गरज आहे.

या नळीतली सामाजिक बाजू मला तांत्रिक बाजूइतकीच मोलाची वाटते. प्लास्टिक आणि स्टीलमुळे माठ-रांजणांची मागणी घटली, कुंभाराचे चाक थांबायला आले. छपराच्या नळीने त्याच चाकाला नवे काम दिले. जुने कसब संग्रहालयात ठेवले नाही, बाजारात उभे केले. बांधकाम व्यवसायाने गावासाठी काही करायचे तर त्याचा हा उत्तम नमुना आहे. गावात जे कौशल्य आहे त्याला साजेसा माल घडवायचा, त्याची चाचणी करायची, कारागिराला शिकवायचे आणि मग तो माल आपल्याच कामात विकत घ्यायचा.

मग ही नळी सगळीकडे का पसरली नाही? सरकारी दरसूचीत सिमेंट, विटा आणि स्लॅबचे दर ठरलेले असतात, मातीच्या बांधकामाला त्यात नीट जागा नाही. अभियंत्याला त्याचे मोजमाप शिकवलेले नसते. बँक मातीच्या घराला कर्ज द्यायला कचरते. आणि सगळ्यात मोठे कारण मनातले आहे. मातीचे घर म्हणजे गरिबी आणि स्लॅबचे घर म्हणजे प्रतिष्ठा, असे पक्के बसले आहे. गावातल्या माणसाला स्लॅब हवा असेल तर त्याला मातीचे धडे देण्याचा अधिकार शहरातल्यांना नाही. पण त्याच्या स्लॅबखाली काळी माती असते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर दोन-चार वर्षांत भिंतीला तडे जातात. हे त्याला वेळेवर सांगणारा जाणकार माणूस मात्र गावात असायलाच हवा.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात. क्षेत्र किमान २५ चौरस मीटर. याच योजनेत ग्रामीण गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आहे. त्यातून शिकलेला गवंडी घरकुले संपल्यावरही गावात राहतो. बांधकाम साहित्याच्या कंपन्यांनी आपला अनुभवी माणूस आणि चाचणीची साधने या प्रशिक्षणाला दिली, तर त्याचे मोल कुठल्याही स्वागतकमानीवरच्या नावापेक्षा मोठे ठरेल.

रस्त्याला माती, गावाला पाणी

महामार्ग बांधायचा तर भराव लागतो, आणि भरावाला माती-मुरूम. तो कुठून काढायचा यावर गावाचे नशीब ठरते. विदर्भात या प्रश्नाचे एक चांगले उत्तर निघाले. तलावातला गाळ, नाल्याचा तळ, शेततळ्याची माती काढून ती रस्त्याला वापरायची. रस्त्याला भराव मिळतो, गावाला पाणी साठवायला जागा मिळते. राष्ट्रीय महामार्गांच्या कामात ही रीत बुलढाणा पॅटर्न म्हणून ओळखली गेली. वर्धा जिल्ह्यातही सेलू तालुक्यात तामसवाडा नाल्याचे खोलीकरण, रुंदीकरण आणि बंधारे झाले, आणि त्या कामाचे नाव तामसवाडा पॅटर्न म्हणून जिल्ह्याबाहेर गेले.

इथे कामातच समाजाचा लाभ गुंफलेला आहे, म्हणून हा नमुना महत्त्वाचा. ठेकेदाराला वेगळी देणगी द्यावी लागत नाही, माती तर त्याला काढायचीच असते. फक्त कुठून आणि किती खोल, हे ठरवताना गाव सोबत असले पाहिजे.

नेमके तिथेच घसरायला होते. मुरूम कुठे संपतो आणि कठीण खडक कुठे लागतो, हे भूजलाच्या जाणकाराने पाहून द्यायचे असते. तसे न करता पोकलेन जाईल तिथवर खणले की नाल्याचे काठ ढासळतात आणि शेजारच्या शेताची माती वाहून जाते. परवानगीपेक्षा जास्त मुरूम काढल्याच्या तक्रारी महामार्गांच्या कामात अनेक जिल्ह्यांतून झाल्या. काम आटोपून यंत्रे निघून जातात, खड्डा उघडा राहतो, पावसात भरतो, आणि पोहायला उतरलेली पोरे त्यात बुडाल्याची बातमी येते. उतरत्या कडा, कुंपण आणि फलक यांचा खर्च रस्त्याच्या एकूण खर्चापुढे काहीच नसतो. तो न करणाऱ्याने त्याच गावच्या शाळेला संगणक दिले, तर त्याला समाजकार्य म्हणायचे का?

किल्लारीतल्या संवाद सहायक

रस्त्यांकडून पुन्हा घरांकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात लातूर-उस्मानाबादचा भूकंप झाला. त्यात हजारो माणसे स्वतःच्याच घराखाली गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या गोट्यांच्या भिंती मातीत रचलेल्या, आणि वर माळवदाचे मातीचे जड ओझे. पिढ्यान्‌पिढ्या उन्हातून वाचवणारे घर एका हादऱ्यात मारक ठरले.

पुनर्वसनाचे दोन मार्ग झाले. सर्वाधिक पडझड झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे घरे भक्कम मिळाली, पण सरळ रेषेतल्या त्या वसाहतींत शेत लांब पडले, गुरांना जागा राहिली नाही, गल्ली आणि पार यांनी जोडलेले शेजारपण विखुरले. दुसरा मार्ग तुलनेने कमी चर्चेत राहिला. कमी नुकसान झालेल्या हजाराहून अधिक गावांत लोकांनी सरकारी मदतीवर स्वतःची घरे दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्यासाठी गावातल्याच महिलांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले, आणि प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांची बांधणी केली. या बायकांनी हप्ता कधी येतो, सिमेंट किती लागते, भिंतीचे दोन्ही थर सांधणारा आरपार दगड कुठे बसवायचा, माळवदावरची माती किती कमी करायची, हे शिकून घेतले आणि घरोघर सांगितले. गवंड्याने चुकवले तर त्याला थांबवण्याइतकी माहिती घरच्या बाईकडे आली. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या महिला तिकडे जाऊन आपला अनुभव सांगून आल्या.

घर बांधणाऱ्या व्यवसायाने यातून घ्यायचा धडा सरळ आहे. राहणाऱ्याला बांधकाम समजले की बांधकाम सुधारते. नकाशा दिला, चावी दिली आणि हार घालून घेतला, एवढ्याने घर गावाचे होत नाही.

जो घर बांधतो, तो घरी पोचतो का?

आता प्रश्नाच्या सगळ्यात कठीण भागाकडे येऊ. वर्ध्यात किंवा नागपुरात सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभे राहिले तर बांधकाम व्यवसायाचा पाया दिसतो. हातात थापी आणि ओळंबा घेतलेला मिस्त्री, टोपले घेतलेल्या रेजा, डब्याची पिशवी धरलेली पोरे. छत्तीसगड, बालाघाट, गडचिरोलीकडून आलेली कुटुंबे. आठ-साडेआठला ठेकेदाराची गाडी येते, भाव ठरतो, ज्याला काम मिळाले तो गाडीत चढतो. कोणत्या मालकाच्या, कोणत्या कंपनीच्या कामावर आपण चाललो, हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. तो पडला तर दाद कुणाकडे मागायची, तेही नसते.

३१ जुलै २०२३ च्या रात्री समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यात पुलाची तुळई चढवणारे यंत्र कोसळले आणि २० जण गेले. बहुतेक परप्रांतातून आलेले होते. विदर्भाच्या समृद्धीसाठी ज्यांनी जीव दिला त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

खुद्द वर्धा जिल्ह्याने सुरक्षेतल्या उणिवांची मोठी किंमत दोनदा मोजलेली आहे. पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे लागलेल्या आगीत १९ जण मृत्युमुखी पडले. आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी त्यांत मोठ्या संख्येने होते. पुढे २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथून जवळच सोनेगाव परिसरात जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामावर स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. ठेकेदाराकडे रोजंदारीवर गेलेले आसपासच्या गावांतले मजूर त्या कामावर होते. सर्वाधिक धोक्याचे काम सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या हाती येते, हा आपल्याकडच्या ठेकेदारीचा रोग आहे. काम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते, प्रत्येक टप्प्यावर पैसा गळतो, आणि शेवटी सुरक्षेच्या पट्ट्यासाठी काही उरत नाही.

याला इलाज आहे, हे जगाने दाखवले आहे. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी प्रचंड बांधकाम झाले आणि त्यात एकही कामगार दगावला नाही. आधुनिक ऑलिम्पिकच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडले. काम द्यायच्या आधीच सुरक्षेच्या अटी ठरल्या होत्या, आणि त्या सगळ्यात खालच्या उपठेकेदारापर्यंत लागू होत्या.

सुरक्षा हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांच्यावर तर दुहेरी जबाबदारी येते. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार इमारतीतली आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यावे लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्या घटनेने साऱ्या विदर्भाला एक गोष्ट शिकवायला हवी होती. सुरक्षा तपासणी हा कागद नाही. शिक्का मारणारा माणूस प्रत्यक्ष त्या खोलीत गेला पाहिजे, नळी उघडून पाहिली पाहिजे, रात्रपाळीच्या परिचारिकेला यंत्र चालवता येते का हे विचारले पाहिजे. अग्निसुरक्षेच्या व्यवसायाने एवढे चोख केले तरी त्याने समाजाचे केवढे तरी ऋण फेडले म्हणता येईल. त्यापुढे जायचे असेल तर आपल्या परिसरातली एक आश्रमशाळा, एक प्राथमिक आरोग्य केंद्र, एक जिनिंग कारखाना निवडून तिथल्या माणसांना दर सहा महिन्यांनी सराव द्यावा. कापसाच्या या जिल्ह्यात जिनिंगला लागणारी आग काही नवीन नाही.

एक टक्का आणि दोन टक्के

कायद्याने समाजाचा वाटा दोन ठिकाणी ठरवला आहे. पहिला म्हणजे उपकर. १९९६ च्या कायद्यांनी बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर बसवला. त्यातून कामगारांची नोंदणी, मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, उपचार आणि मृत्यूनंतरचे साहाय्य असा व्यवहार चालावा अशी कल्पना होती. महाराष्ट्रात इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. कामावर मृत्यू आला तर नोंदीत कामगाराच्या वारसाला पाच लाख रुपयांची तरतूद आहे. वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला नोंदणीला लागतो.

देशभरात या पैशाचे काय झाले ते २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. सुमारे ३७,४०० कोटी रुपये जमा झाले होते आणि सुमारे ९,५०० कोटी रुपये खर्च झाले होते. काही पैशांतून लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे घेतल्याचे ऐकून न्यायालयाने खेद व्यक्त केला. नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि १९९६ चे हे कायदे आता त्यांत सामावले गेले आहेत. चौकट बदलली, पण पेच तोच आहे. ठिय्यावरच्या मजुराला ९० दिवसांचा दाखला कोण देणार? तो तीन महिन्यांत अनेक मालकांकडे गेलेला असतो. खरा कामगार बाहेर राहतो आणि मध्यस्थाला पैसे देऊन भलताच माणूस मंडळाकडून मिळणारी पेटी-भांडी घेऊन जातो, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. बांधकाम कंपनीला समाजासाठी काही करायचे असेल तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे काम हे आहे की, आपल्या कामावर आलेल्या प्रत्येक मजुराचा, उपठेकेदाराच्या मजुराचासुद्धा, हजेरीपट ठेवावा, दाखला द्यावा आणि नोंदणी करून द्यावी.

दुसरा वाटा कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. त्याची मुळे शोधायला वर्ध्याबाहेर जावे लागत नाही. संपत्तीवाल्याने स्वतःला विश्वस्त मानावे, हा गांधीजींचा आग्रह जमनालालजींनी जमेल तितका जगून दाखवला. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुले केले आणि मगनवाडीची जागा ग्रामोद्योगासाठी दिली. विश्वस्तपण त्यांच्या लेखी नफ्याच्या शंभरातल्या दोन रुपयांपुरते नव्हते, उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले आणि कसे वापरले हेही त्यात येत होते. मजुराची मजुरी थकवून मिळवलेल्या नफ्यातून दिलेले दोन टक्के त्या कसोटीला उतरत नाहीत.

ब्रिटनने २०१२ मध्ये सामाजिक मूल्याचा कायदा केला. त्यात सार्वजनिक संस्थांनी सेवा विकत घेताना त्या परिसराला काय लाभ होईल याचा विचार करावा, असे बंधन घातले. आपल्याकडे निविदा उघडताना बहुतेक वेळा सर्वांत कमी दर तेवढा पाहिला जातो. कमी दर कुणाच्या जिवावर आला, हे पाहणारा रकाना निविदेत नसतो.

सेवाग्रामच्याच अंगणात

गांधीजींच्या १५० व्या जयंतीच्या निमित्ताने सेवाग्राम विकास आराखडा आला. अडीचशे कोटींहून मोठ्या या कामात रस्ते, सभागृह, यात्रेकरूंच्या सोयी, पवनारला धाम नदीचा काठ अशी अनेक कामे आली. लांबून येणाऱ्यांना सोय झाली, हे मान्यच करायला हवे. पण २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करण्यासाठी जुनी मोठी झाडे तोडायला सुरुवात झाली, तेव्हा वर्धेकर रस्त्यावर उतरले. विकासाला त्यांचा विरोध नव्हता. रस्ता कुणासाठी आणि किती रुंद, हे ठरवताना आम्हाला विचारले का, एवढेच त्यांचे म्हणणे होते. काम सुरू होण्याआधी ही चर्चा झाली असती तर करवत आणि माणसे समोरासमोर आली नसती. पाच मैलांतल्या मालाने जिथे आश्रम उभा राहिला, तिथे सरकारी बांधकामात स्थानिक माल आणि स्थानिक कारागिराचा वाटा आधीच ठरवून द्यायला हवा होता. अजूनही पुढच्या कामांत तो देता येईल.

या परिसरात त्यासाठी लागणारी माणसे आणि संस्था आहेत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. सुशीला नायर यांच्या काळापासून वैद्यकीय विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि तिथल्या घरांत जाते. सेवाग्रामलाच बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. स्थापत्यशाखेच्या विद्यार्थ्यांनीही असेच एक गाव घ्यावे. घरकुलांचे पाये तपासावे, शाळेच्या जिन्याला कठडा आहे का ते पाहावे, विहिरींच्या कठड्यांची आणि उघड्या खदानींची यादी करून ग्रामसभेपुढे ठेवावी. त्या यादीतली कामे परिसरातल्या बांधकाम कंपन्यांनी आपल्या यंत्रांनी आणि माणसांनी करून द्यावी. शिक्षण हाताच्या कामातून व्हावे, हा नई तालीमचा विचार १९३७ च्या वर्ध्याच्या परिषदेत मांडला गेला. तो अभियांत्रिकीला जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या शाखेला पडत असेल.

या सगळ्या आढाव्यातून निघणारी मागणी एकच आहे. जिल्ह्यात सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक मोठ्या बांधकामाने काम सुरू होण्याआधी ग्रामसभेपुढे पाच गोष्टी लिहून द्याव्यात: माल आणि माती कुठून येणार व खड्ड्याचे काय होणार, मजुरीतला किती वाटा परिसरातल्या हातांना जाणार, काम संपल्यावर गावातले किती जण कोणते कसब शिकलेले असतील, कामावरचा प्रत्येक माणूस नोंदीत आणि सुरक्षित राहावा यासाठी कोण जबाबदार, आणि पुढची दुरुस्ती कोण करणार. काम संपल्यावर त्याच ग्रामसभेत त्याच कागदावर हिशेब द्यावा. रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक अंकेक्षण कायद्याने होते. एका शेततळ्याचा हिशेब गावापुढे वाचला जातो, तर शेकडो कोटींच्या रस्त्याचा का वाचला जाऊ नये? सुरुवात सेवाग्रामच्या ग्रामपंचायतीने करावी. तिचा तो हक्क आहे, आणि ज्या कंपन्या खरोखर समाजासाठी काही करू पाहतात त्यांनी तो कागद न मागता द्यावा.